डोळे मिटून बाजार करणाऱ्या भुरे बाई

अड्याळच्या बाजारात भुरे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या दोरखंडवाल्याच्या दुकानापुढे डोळे मिटून उभ्या होत्या आणि एकेक दोरी चिमटीत धरून हळूहळू ओढत होत्या. मला वाटलं, बिचाऱ्या आंधळ्या आहेत. मी नुकतीच भंडाऱ्याहून बदलून आले होते आणि नव्या गावात पुण्य जोडायची मला फार घाई होती. त्यांच्या कोपराला धरून मी म्हटलं, "कुठं जायचंय बाई? मी पोचवते."

त्यांनी डोळे उघडले. चांगले टपोरे, रागावलेले डोळे होते.

"मले दिसते जी," त्या म्हणाल्या. "आताच एक दोरी सापडली होती मनासारखी. तुमच्यानं हरवली."

दुकानदार पोट धरून हसत होता. "नव्या दिसता बाई तुमी. ह्यायचं हे नेहमीचंच हाय. समदं दुकान चाचपतात आन् वीतभर सुतळी घेऊन जातात."

दुसऱ्या दिवशी शाळेत रुजू व्हायला गेले, तर शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी त्याच बसलेल्या. हस्तव्यवसायाच्या शिक्षिका. मला पाहताच म्हणाल्या, "वर्गापर्यंत पोचवता का जी?" सगळी खोली हसली. आमची मैत्री अशी माझ्या फजितीपासून सुरू झाली, आणि पुढेही फजितीचा मान बहुतेक माझ्याकडेच राहिला.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमच्या शाळेत तेव्हा हस्तव्यवसायाला रंग मिळायचे नाहीत. सरकारी अनुदान खडू आणि सतरंज्या यांतच संपायचं. दुसरी एखादी शिक्षिका रडगाणं गात बसली असती. भुरे बाईंनी सांगून टाकलं, "रंग नकोच. ज्याचा त्याले रंग असतेच." त्यांच्या वर्गात मुली जे चित्र करायच्या त्यात रंगाचा थेंब नसे. चिंचोके, भाताचं तणस, टसर रेशमाच्या कोशाची फोडलेली टरफलं, तेंदूपानाचे तुकडे, लाकडाचा भुसा, विड्यांच्या कट्ट्यांचा दोरा, फुटक्या कवड्या, असा सगळा संसार फळीवर डकवलेला असायचा. डिंक विकत आणायचा नाही. चिंचोके भाजून, कुटून, शिजवून त्याची खळ करायची आणि उंदरांनी खाऊ नये म्हणून त्यात कडुनिंबाचा काढा घालायचा. उंदीर तरी खायचेच. "त्याइले कडू आवडते," एवढंच बाई म्हणायच्या.

त्यांच्या खांद्याला एक खादीची पिशवी असे. त्या पिशवीला शाळेचा शिपाईसुद्धा वचकून असायचा, कारण बाई समोरच्याला कधी काय चाचपायला लावतील याचा नेम नव्हता. "डोळे मिटा आन् सांगा," हे त्यांचं पालुपद. तुम्ही डबा खात असा, वह्या तपासत असा, डाव्या तळहातावर काहीतरी येऊन पडायचं. नुसतं ओळखून भागत नसे. "बेलफळाची कवटी आहे," असं मी म्हटलं की त्या वैतागत. "नाव नका सांगू. नाव तर मलेही माहीत हाय. हाताले कायचं वाटून राहिलं ते सांगा." मला सुरुवातीला हा पोरखेळ वाटायचा. मग एकदा त्यांनी माझ्या हातावर काहीतरी ठेवलं आणि मी बेसावधपणे म्हणून गेले, "कुणाच्या तरी टाचेसारखं लागतंय." ती मोहाची साल होती. त्या दिवशी बाईंनी मला आपल्या डब्यातला मोठा लाडू दिला.

आमचे मुख्याध्यापक कडक शाकाहारी. कांदासुद्धा चतुर्थीला शिवायचे नाहीत. एका मधल्या सुट्टीत बाई त्यांच्या टेबलाशी गेल्या आणि नेहमीचं वाक्य म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी हसत डोळे मिटले, बोटं फिरवली आणि म्हणाले, "वा! चांदीचा वर्ख चिकटवलेला कागद का?" बाई खूश होऊन म्हणाल्या, "रोहूचे खवले हायेत जी. तलावावरच्या ढिवराइकडून धुवून आणले." पुढचा अर्धा तास मुख्याध्यापक विहिरीवर हात धूत होते. खवले लावलेली ती फळी हस्तकलेच्या खोलीत राहिली आणि गावातल्या मांजरांना शाळेची गोडी लागली. शेवटी नोटीस निघाली, की शाळेच्या आवारात मत्स्यजन्य वस्तू आणू नये. बाईंनी सही केली आणि मला कुजबुजत म्हणाल्या, "जमतही नव्हतं म्हना. एकीकडून हात फिरवला तं गुळगुळीत, उलटा फिरवला तं करवत. पानी कुठं असं असते?"

पाणी? कसलं पाणी, मी विचारलं. त्यांनी विषय बदलला. माझा स्वभाव असा, की कुणी विषय बदलला की मला झोप लागत नाही. मी पिच्छाच पुरवला. त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी त्यांनी मला पवनीच्या एस.टी.त आपल्याशेजारी बसवलं आणि कोंढ्याला घरी नेलं.

ओसरीवर खाट होती आणि खाटेवर त्यांचे वडील. उंच माणूस, रुंद हाडांचा, पाय खाटेबाहेर आलेले. काचबिंदूनं डोळे गेले होते. नागपूरच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. बाई त्यांच्या पायाशी बसून म्हणाल्या, "बाबा, माह्या शाळेतल्या बाई आल्या." त्यांनी मान किंचित हलवली. तेवढंच. जेवायला बसवलं, जेवले. हात धुवायला पाणी दिलं, हात धुतले. तोंडाला कुलूप.

बाईंची भावजय कांता, बोलघेवडी आणि मायाळू, मला मागच्या अंगणात सांगत होती. डोळे गेले तरी सुरुवातीला म्हातारबा काठी घेऊन धानाच्या बांध्यांवर, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या वाफ्यांवर, जायचे. आयुष्य बांध्यांमधल्या त्याच धुऱ्यांवर, त्या मातीच्या बांधांवर, गेलेलं, पायांनाच वाट पाठ. एका पावसाळ्यात पाय घसरला आणि चिखलात पडले. कुणाच्या लक्षात येईपर्यंत बराच वेळ तसेच होते. त्यानंतर बाईंच्या भावानं, नामदेवनं, त्यांना हात जोडून बजावलं, की आता घराबाहेर पडायचं नाही. नामदेवचं चुकलं असं कोण म्हणेल? म्हातारबा मग रोज संध्याकाळी विचारायचे, "बांधी कशी हाय?" नामदेव दमून आलेला असायचा. तो म्हणायचा, "बेस हाय." उन्हाळा असो, रोपांसाठी पऱ्हे टाकलेले असोत, कापणी चाललेली असो, उत्तर एकच. एक दिवस म्हातारबांनी विचारणं सोडलं. हळूहळू बाकीचं बोलणंही सोडलं आणि मग खाटेवरून उठणंही.

परतीच्या गाडीत बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सांगितलेलं बाबाले पटत नाही. हाताले लागलं पायजे. मी त्यायले त्यायची वावरं करून देतो. फळीवर. सगळीच्या सगळी."

"आणि तरी नाही बोलले तर?"

"मंग मी हरली," त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं आणि ते मी बोलूनही दाखवलं. त्यांना कीव आवडत नसे. त्यांनी पिशवीतून जांभळाची बी काढून माझ्या हातावर ठेवली आणि गाडी सुटेपर्यंत मला तिचं वर्णन करायला लावलं.

त्यानंतर त्यांच्या बाजारहाटाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. खरं सांगायचं तर मीही डोळे मिटून चाचपू लागले. गावात दोन वेड्या झाल्या म्हणून लोक हसायचे.

घरच्या जुन्या दाराची एक फळी त्यांनी आणली होती. बांधीचीच माती, कागदाचा लगदा आणि तुसाचा कोंडा एकत्र मळून त्यांनी तिच्यावर धुरे उठवले, करंगळीएवढ्या जाडीचे. वरच्या बांध्यांत हलका धान, म्हणजे लवकर येणारा. खालच्या बांध्यांत भारी धान. दोन्हींचे दाणे वेगळे, म्हणून दोन्ही खरेच डकवायचे. धुऱ्यावरच्या गवताला कुंच्याचे केस. पळसाच्या झुडपांना सुकलेल्या गोगलगाई का लावल्या ते मी विचारलं, तर म्हणाल्या, "तिथं पावसात पायाखाली गोगलगाई येतात. बाबाले पळस आठवला नाही तरी त्या आठवतील."

प्रत्यक्ष शेताच्या खालच्या कोपऱ्यात एक काळा दगड होता. त्यावर बसून म्हातारबा दुपारचं जेवायचे. तो दगड दाखवायला बाईंना साधा दगड चालेना. नदीतले गोटे, पाट्याचा तुकडा, कोळसा, सगळं नापास. "तो दगड जड होता. दिसते त्याहून जड. मी लहानपनी हलवून पाहिला होता." दिवाळीच्या सुट्टीत त्या मला चिखल्याला घेऊन गेल्या, मँगनीजच्या खाणीच्या गावाला. त्यांच्या मावसबहिणीचं घर तिथल्या कामगार वसाहतीत होतं. तुमसरपर्यंत एस.टी. आणि पुढे एका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी. उतरलो तेव्हा दोघींच्या पदरांवर काळी धूळ बसली होती.

वसाहतीत बातमी पसरली, की अड्याळच्या मास्तरणी दगड चाचपायला आल्या. बाया जमल्या, मुलं जमली. बाईंनी वेळ दवडला नाही, सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मावसबहिणीचा नवरा खाली खाणीत काम करायचा. दुपारी पाळी संपवून आला आणि हे पाहून म्हणाला, "आमाले काहून डोळे मिटाले लावता? आमी खाली तसेच असतो. दिव्याच्या उजेडात केवढं दिसते? हात लावला का समजते, माल हाय का नुसता गोटा." त्यानं घराच्या पायरीशी पडलेल्या तुकड्यांतून एक काळा खडा उचलून बाईंच्या हातावर ठेवला. मुठीत मावेल एवढा, पण हात एकदम खाली गेला. बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. येताना बसचा कंडक्टर पिशवी उचलून म्हणाला, "ह्यात काय मुडदा हाय का?" बाई म्हणाल्या, "डोळे मिटा आन् सांगा." त्यानं घाईघाईनं घंटी मारली.

सगळं मिळालं. पाणी मिळेना.

भुऱ्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला त्यांची बोडी होती, म्हणजे स्वतःचा छोटा तलाव. आमच्या झाडीपट्टीत ज्याच्याकडे बोडी त्याचा धान तरतो. पावसानं शेवटी दगा दिला, तर बोडीची पार, म्हणजे काठाचा बांध, फोडून बांध्यांना पाणी द्यायचं. ती बोडी फळीवर नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ, हे बाईंना कळत होतं. पण हाताला पाण्यासारखं लागतं तरी काय? खवले बाद झाले होते. दवाखान्यातून जुन्या एक्सरेची फिल्म आणली, ती बोटाला चिकटायची. काचेच्या तुकड्याला गारवा छान, पण कड कापायची. अभ्रक हाताखाली भुरभुरायचं. कोशाचं मऊ कापड विणकरांकडून मागून आणलं. मला ते पसंत होतं. बाई म्हणाल्या, "हे बाईच्या पाठीवानी लागते." भंडाऱ्याच्या भांडेवाल्याकडून त्यांनी घोटलेल्या पितळेचा पत्रा आणला, तोही परत केला. बोडीच्या जागी एक खळगा करून ठेवला होता, त्यात काहीही बसवता यावं म्हणून आतून पळसाची लाख वितळवून लावली होती. तो खळगा वर्षभर रिकामा राहिला. वर्गात शिकवता शिकवता त्यांची बोटं काहीतरी चाळत असायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "निळा कागद लावा आणि मोकळ्या व्हा." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी दिवसभर त्यांच्या समोर गेले नाही.

शेवटी एका दसऱ्याच्या सुट्टीत त्या म्हणाल्या, "चाला. अर्धंच नेतो." मला त्यांच्या आवाजात हरल्याचं ऐकू आलं.

त्या साली हस्ताचा पाऊस आला नव्हता. कोंढ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंचा धान पोटरीत येऊन, म्हणजे लोंबी पोटात धरून, पाण्यासाठी थांबलेला होता. फळी आम्ही पोत्यात गुंडाळून एस.टी.च्या टपावर टाकली आणि पुढे बैलगाडीतून नेली. नामदेव घरीच होता, कपाळाला हात लावून. कांतानं ओसरी सारवली होती. फळी खाटेसमोर पाटावर ठेवली. बाईंनी वडिलांना उठवून बसवलं, त्यांचा उजवा हात धरला आणि फळीच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवला.

हात तसाच पडून राहिला. मग दोन बोटं हलली. काळ्या खड्याला लागली, त्याच्याभोवती फिरली, त्याला ढकलून पाहिलं. तो हलला नाही. म्हातारबांची मान वर झाली. मग ती दोन बोटं धुऱ्यावर चढली आणि चालायला लागली. एक पुढे, एक मागे. वळण आलं की थांबायची, बांधीत उतरायची, दाणे कुरवाळायची, परत धुऱ्यावर. गोगलगाईंपाशी ओठ हलले. भारी धान संपला, हलका धान आला, बोटं चढत चढत वर गेली आणि एकदम खळग्यात पडली.

म्हातारबांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळा पंजा खळग्यात घातला, तळ चाचपला, काठ चाचपला.

"बोडी आटली?" ते म्हणाले.

कित्येक महिन्यांत न वापरलेला आवाज. कांतानं पदर तोंडाला लावला. नामदेव पुढे धावला. "नाही जी बाबा, अर्धी भरली हाय."

"तू तं बेसच म्हनशील," म्हातारबा म्हणाले. "यमू, तू सांग. बोडी आटली का? हे कोरडी काहून हाय?"

भुरे बाईंचं नाव यमुना, पण घरी त्यांना यमू म्हणतात हे मला त्या क्षणी कळलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आटली नाही बाबा. मलेच पानी भेटलं नाही. लई धुंडलं."

म्हातारबा अशा सुरात बोलले, की पोरीच्या अकलेची त्यांना चिंता वाटली असावी. "पानी धुंडाचं कायले पोरी? घरी विहीर हाय नं. लोटा आन."

बाई जागच्या हलेनात. मी त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या दोघींच्या मनात एकच गोष्ट आली होती: माती, लगदा आणि चिंचोक्याची खळ. इतक्या महिन्यांचं काम. मग त्या उठल्या आणि काठोकाठ भरलेला लोटा घेऊन आल्या. म्हातारबांनी तो स्वतःच्या हातानं ओतला. लाखेनं पाणी धरलं. त्यांनी तळवा पाण्यावर नुसता टेकवला, पाण्याला शिवेल न शिवेल असा, आणि ते हसले.

"धान कुठी आला, नामदेव?"

"पोटरीत हाय बाबा."

"आन् हस्त?"

"कोरडा गेला."

"मंग बसून का राहिला?" म्हातारबा ओरडले, आणि आम्हाला काही कळायच्या आत त्यांचा अंगठा पारेवर गेला. बरोबर जिथून फोडायची तिथंच त्यांनी ती दाबून फोडली. पाणी सुटलं. पहिल्या बांधीत शिरलं, धुऱ्याला तटलं, त्यांनी बोटानं तिथंही वाट केली. "वरची भिजू दे पयले. भारीले मंग दे. लोटा आन यमू, आनखी आन." बाई आणत होत्या, ते ओतत होते. खळ सुटली, धुरे ढासळले, धान तरंगला, कुंच्याचे केस वाहत पाटावरून खाली आले. म्हातारबा चिखलात मनगटापर्यंत हात घालून नामदेवला कुठली पार किती फोडायची ते सांगत होते, आणि नामदेव, डोकं हलवत का होईना, ऐकत होता. दोघांचं एका बांधीवरून भांडणही झालं. भांडण! मला त्या घरातला तो आवाज कुठल्याही गाण्याहून गोड लागला.

मग म्हातारबांनी पाय खाली सोडले. "चाला. बोडीवर."

नामदेवनं तोंड उघडलं आणि बहिणीकडे पाहून मिटलं. फावडं घेऊन तो पुढे निघाला. बाईंनी वडिलांचा चिखलानं भरलेला हात आपल्या खांद्यावर ठेवला.

ते तिघं गेल्यावर अंगणातल्या कोंबड्या फळीवर तुटून पडल्या. कांतानं विचारलं, "हाकलू का जी?" मी म्हटलं, "खाऊ द्या." आणि मी त्या तिघांच्या मागे गावकुसापर्यंत गेले.

तिथून शेत दिसत होतं. पहिल्या धुऱ्याशी पोचल्यावर म्हातारबांनी मुलीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. आता ते पुढे चालत होते, पाय चाचपत, न अडखळता, आणि भुरे बाई त्यांच्या मागून दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरून, त्यांना कुठेही न शिवता चालल्या होत्या.